लाल तिकीट नको म्हणणारा मंत्री

मंत्रिपद मिळावे म्हणून माणसे काय काय करतात, हे आपण वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून वाचत आलो आहोत. मंत्रिपद गेल्यावर माणूस काय करतो, हे मात्र फारसे छापून येत नाही. खुर्ची गेली की माणूस विस्मरणात जातो. आज आम्ही वाचकांना अशा एका मंत्र्याची ओळख करून देणार आहोत, ज्याची खुर्ची तीन वर्षे आणि सुमारे दोन महिन्यांत गेली, पुन्हा कधीही मिळाली नाही, आणि तरीही त्याच्या देशात पन्नास वर्षे त्याचे नाव निघत राहिले. त्याचे नाव डॉ. नोएल ब्राऊन. देश आयर्लंड. भांडणाचे कारण एवढेच होते की, गरोदर बाईला आणि लहान मुलाला औषधपाणी देताना सरकारने तिच्या नवऱ्याची मिळकत विचारावी की विचारू नये.

वरवर पाहता हा कागदपत्राचा किरकोळ प्रश्न वाटेल. पण ज्याने तहसील कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी चार खेपा घातल्या आहेत, त्याला हा प्रश्न किरकोळ नाही हे सांगावे लागणार नाही.

घरात शिरलेला क्षय

नोएल ब्राऊन यांचा जन्म २० डिसेंबर १९१५ रोजी वॉटरफर्ड या गावी झाला. वडील मुलांवर होणारा जुलूम थांबवणाऱ्या एका संस्थेत निरीक्षक होते. घरोघर जाऊन कोणत्या मुलाला मारहाण होते, कोण उपाशी राहते, हे पाहणे हे त्यांचे काम. दुसऱ्यांच्या मुलांची काळजी वाहणाऱ्या या माणसाला क्षयाने गाठले आणि तो लहान लहान मुले मागे ठेवून गेला.

त्या काळी आयर्लंडमध्ये क्षय म्हणजे घराला लागलेली वाळवी होती. एकाच खोलीत दाटीवाटीने राहणारी कुटुंबे, ओल धरलेल्या भिंती, अपुरे अन्न, आणि त्यावर कळस म्हणजे लाज. घरात क्षय आहे हे कळले की मुलीचे लग्न जमत नसे, मुलाला नोकरी मिळत नसे. म्हणून लोक आजार लपवत, आणि लपवलेला आजार शेजारच्या खाटेवर जाई. ब्राऊन यांच्या आईलाही तो झालाच. तिने घरातले सामान विकून मुलांसह लंडनची वाट धरली, कारण तेथे थोरली मुलगी काम करत होती. लंडनला पोचल्यावर थोड्याच दिवसांत आईही गेली. पुढे भावंडांतही मृत्यू झाले. ज्या थोरल्या बहिणीने, आयलीनने, सगळ्यांना सांभाळले, तीही क्षयानेच गेली.

नोएल वाचला आणि शिकला, तो परक्यांच्या आधारावर. इंग्लंडमधील शाळेत त्याला शिकायला मिळाले. तेथल्या एका मित्राच्या सधन कुटुंबाने, डब्लिनच्या चान्स घराण्याने, त्याच्या वैद्यकीय शिक्षणाचा भार उचलला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो डॉक्टरकीला बसला. पण १९४० मध्ये क्षयाने त्यालाही धरले. इंग्लंडमध्ये मिडहर्स्ट येथील चांगल्या आरोग्यधामात उपचार झाले आणि तो बरा झाला.

येथे आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. आई-वडील गेले, बहीण गेली, आणि आपण वाचलो. का वाचलो? आपण जास्त गुणी होतो म्हणून नव्हे. आपल्या पाठीशी पैसेवाले उभे राहिले म्हणून. ज्याला हे नीट उमगले, तो माणूस पुढे कधीही ‘ज्याला परवडेल त्याने उपचार घ्यावेत’ असे म्हणू शकत नाही. ब्राऊन यांच्या सगळ्या राजकारणाची मुळी येथे आहे.

पहिल्याच दिवशी मंत्री

डॉक्टर झाल्यावर ब्राऊन यांनी क्षयरुग्णांतच काम केले. विकलो परगण्यातील न्यूकॅसल आरोग्यधामात असताना रोजचा अनुभव असा की, रोगी खाटेची वाट पाहत घरी खंगत आहे आणि खाट रिकामी होते ती आधीचा रोगी मेल्यावर. नुसते तपासून काही होणार नाही, खाटा वाढवायच्या तर पैसा हवा आणि पैसा हवा तर सत्ता हवी, असे त्यांचे मत झाले. नोएल हार्टनेट या मित्राच्या आग्रहाने ते शॉन मॅकब्राइड यांच्या क्लान ना पोब्लाख्ता या नव्या पक्षात गेले.

फेब्रुवारी १९४८ मध्ये निवडणूक झाली. सोळा वर्षे सलग राज्य करणाऱ्या इमन डी व्हॅलेरा यांच्या फियाना फॉल पक्षाचे बहुमत गेले. विरोधातले लहानमोठे सगळे पक्ष एकत्र आले आणि जॉन कॉस्टेलो यांचे संमिश्र सरकार बनले. ब्राऊन डब्लिनमधून प्रथमच निवडून आले होते. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, ज्याला तेथे डॉल म्हणतात, त्यांनी १८ फेब्रुवारी १९४८ रोजी पहिले पाऊल टाकले आणि त्याच दिवशी ते आरोग्यमंत्री झाले. वय बत्तीस.

मुद्दलाला हात घातला

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. जमाखर्चाच्या वह्या लिहिण्यात आमचे दिवस गेले. त्यामुळे ब्राऊन यांचे पुढचे काम आम्हाला विशेष भावते.

आयर्लंडमध्ये १९३० पासून इस्पितळांच्या मदतीसाठी घोड्यांच्या शर्यतींवर एक मोठी सोडत चाले. तिची तिकिटे इंग्लंड-अमेरिकेपर्यंत चोरूनमारून खपत. त्यातून आलेला पैसा इस्पितळांच्या निधीत जमा होई. या निधीची मोठी रक्कम रोख्यांत गुंतवून ठेवलेली होती. मुद्दल सुरक्षित ठेवायचे आणि उत्पन्नातून जपून खर्च करायचा, हा शहाण्या हिशेबनिसाचा नियम. ब्राऊन यांनी विचारले, मुद्दल कोणासाठी राखायचे? खाट मिळेपर्यंत माणूस मरत असेल, तर तिजोरीतले रोखे कोणाच्या उपयोगाचे? त्यांनी गुंतवणूक मोडून तो पैसा इमारतींकडे वळवला.

नव्या आरोग्यधामांच्या उभारणीस वेग आला. जुन्या इमारती ताब्यात घेऊन तेथे खाटा टाकल्या. क्ष-किरणाने छाती तपासण्याची मोहीम निघाली. क्षय लपवू नका, तो बरा होतो, हे जाहिरातींतून लोकांना सांगितले गेले. १९५० च्या मध्यापर्यंत क्षयरुग्णांसाठी सुमारे २,००० खाटा वाढल्या. मृत्यूंची संख्या झपाट्याने उतरू लागली.

हिशेब खरा लिहायचा तर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. हे सर्व एकट्या ब्राऊन यांनी केले नाही. क्षयनिर्मूलनाचा आराखडा आधीच्या सरकारच्या काळात डॉ. जेम्स डीनी या वैद्यकीय सल्लागारांनी तयार केला होता. बीसीजीची लस आयर्लंडमध्ये १९३७ मध्येच डॉ. डोरोथी प्राइस या बाईंनी आणली होती, आणि १९४९ मध्ये नेमलेल्या राष्ट्रीय समितीच्या प्रमुखही त्याच झाल्या. स्ट्रेप्टोमायसिन हे औषधही नेमके त्याच सुमारास हाती आले. मंत्री दुसरा असता तरी क्षय उतरलाच असता. पण किती उशिराने, हा प्रश्न उरतो. ज्याच्या घरातले माणूस मधल्या वर्षांत गेले असते, त्याच्या दृष्टीने हाच एक प्रश्न होता.

लाल तिकीट म्हणजे काय

आता मूळ भांडणाकडे येऊ. आयर्लंडमध्ये गरिबांसाठी दवाखान्यांची एक जुनी व्यवस्था होती. ती १८५१ च्या कायद्याने, इंग्रजी अमलात सुरू झाली होती. प्रत्येक भागाला एक दवाखाना, एक ठरलेला डॉक्टर. गरिबाला डॉक्टर घरी यायला हवा असेल तर आधी तिकीट मिळवावे लागे. हे तिकीट लाल रंगाचे असे. ते देण्याचा अधिकार डॉक्टरला नव्हता. गावातल्या नेमलेल्या माणसाकडे जाऊन आपण गरीब आहोत हे पटवावे लागे. मूल तापाने फणफणले आहे आणि आई तिकिटासाठी दुसऱ्याच्या दाराशी उभी आहे, असे ते चित्र. औषध फुकट मिळे, पण त्याची किंमत मान खाली घालून चुकवावी लागे.

ब्राऊन यांनी जी योजना मांडली तिचे नाव ‘माता आणि बालक योजना’. तिचा पाया १९४७ च्या आरोग्य कायद्यात आधीच घातलेला होता. योजना थोडक्यात अशी होती. प्रत्येक गरोदर बाईला बाळंतपणाच्या आधी, बाळंतपणात आणि नंतर डॉक्टरची सेवा मोफत. प्रत्येक मुलाला सोळा वर्षांपर्यंत उपचार मोफत. ज्याला खाजगी डॉक्टर हवा त्याने खुशाल जावे, सक्ती कोणावर नाही. आणि शेवटचे कलम सर्वांत महत्त्वाचे: कोणाचीही मिळकत तपासली जाणार नाही. गिरणीतल्या कामगाराची बायको आणि वकिलाची बायको एकाच बाकावर बसतील.

या शेवटच्या कलमावर सगळे घोडे अडले. डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध होता. सरकारी डॉक्टर झालो तर खाजगी फी बुडेल आणि आपल्यावर सरकारचा अंमल येईल, ही त्यांची भीती. गरिबांना फुकट द्या, आमची हरकत नाही, पण ज्यांना पैसे देता येतात त्यांना फुकट कशाला, असे त्यांचे म्हणणे. ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण ‘ज्यांना परवडते ते कोण’ हे ठरवायला पुन्हा चौकशी आली, पुन्हा दाखला आला, पुन्हा लाल तिकीट आले.

बिशपांचे पत्र

डॉक्टरांच्या जोडीला दुसरी, त्याहून बलाढ्य शक्ती उभी राहिली. आयर्लंडमध्ये त्या वेळी शंभरातले नव्वदहून अधिक लोक कॅथलिक होते. आपल्या राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना आयर्लंडच्या १९३७ च्या घटनेवरून घेतलेली आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्याच घटनेत कॅथलिक चर्चला ‘विशेष स्थान’ देणारे कलमही होते. शाळा चर्चच्या, अनेक इस्पितळे चर्चची. बिशप बोलला की मंत्री उठून उभा राही.

१० ऑक्टोबर १९५० रोजी बिशपांच्या वतीने पंतप्रधान कॉस्टेलो यांना पत्र गेले. मुलाच्या आरोग्याची जबाबदारी आईबापांची आहे, सरकारने फक्त गरजूंना मदत करावी, सगळ्यांचा भार स्वतःकडे घेऊ नये, असा त्याचा आशय होता. बायकांना सरकारी डॉक्टर गर्भधारणेसंबंधी काय शिकवतील, संततिनियमनाचे विचार तर पसरवणार नाहीत ना, ही शंकाही त्यात होती. दुसऱ्याच दिवशी ब्राऊन यांना डब्लिनचे आर्चबिशप जॉन चार्ल्स मॅकक्वेड आणि आणखी दोन बिशपांपुढे उभे राहावे लागले. ट्रिनिटी कॉलेज प्रोटेस्टंटांचे म्हणून मॅकक्वेड कॅथलिक मुलांना तेथे जाण्यास मनाई करत, आणि हा मंत्री तर तेथेच शिकलेला. त्याच्याविषयी संशय आधीपासूनच होता.

त्या बैठकीतून ब्राऊन बिशपांचे समाधान झाले अशा समजुतीने बाहेर पडले. बिशपांची समजूत अगदी उलट होती. पुढचे पाच महिने या गैरसमजात गेले. मार्च १९५१ मध्ये ब्राऊन यांनी योजना लोकांपुढे जाहीर केली. एप्रिलच्या आरंभी बिशपांचा अंतिम निर्णय आला: योजना चर्चच्या सामाजिक शिकवणुकीच्या विरुद्ध आहे. नीतीच्या विरुद्ध आहे असे त्यांनी म्हटले नव्हते. ब्राऊन यांनी हा फरक मंत्रिमंडळापुढे मांडून पाहिला. कोणी ऐकले नाही. ६ एप्रिलला मंत्रिमंडळाने योजना सोडून दिली. त्यांच्या बाजूने बोलायला कोणी पुढे आले नाही. खुद्द पक्षाचे नेते मॅकब्राइड यांनीच त्यांचा राजीनामा मागितला. ११ एप्रिल १९५१ रोजी ब्राऊन पायउतार झाले.

पण जाताना त्यांनी एक काम केले. मंत्र्यांनी, पंतप्रधानांनी आणि बिशपांनी एकमेकांना लिहिलेली पत्रे त्यांनी वर्तमानपत्राकडे दिली. १२ एप्रिलला ‘आयरिश टाइम्स’मध्ये ती छापून आली. बंद दाराआड देशाचे कायदे कसे ठरतात, हे आयर्लंडच्या सामान्य माणसाने प्रथमच चहाच्या टेबलावर वाचले. ब्राऊन स्वतः कॅथलिक होते आणि बिशपांचा निर्णय आपण मान्य करतो असे त्यांनी राजीनाम्यानंतर सांगितलेही. त्यांची तक्रार सहकाऱ्यांविषयी होती. तरीही त्या पत्रांनी जे उघडे पडले ते पुन्हा झाकता आले नाही.

पुढची तीस वर्षे

पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. ब्राऊन अपक्ष उभे राहून निवडून आले. मॅकब्राइड यांच्या पक्षाच्या दहा जागांच्या दोन झाल्या. फियाना फॉल पुन्हा सत्तेवर आला आणि त्यांच्या मंत्र्याने बिशपांशी वाटाघाटी करून १९५३ चा कायदा केला. त्यात मिळकतीची अट राहिली आणि मुलाला मोफत सेवा मिळाली ती फक्त पहिले सहा आठवडे. सोळा वर्षांचे सहा आठवडे झाले.

मंत्रिपदानंतर ब्राऊन यांनी काय केले? ते मनोविकारांचे डॉक्टर झाले आणि राजकारणातही राहिले. १९५३ मध्ये फियाना फॉलमध्ये गेले, १९५४ मध्ये हरले. १९५७ मध्ये पुन्हा अपक्ष म्हणून आले. १९५८ मध्ये जॅक मॅकक्विलन यांच्यासह दोघांचाच एक पक्ष काढला. दोघेच असले तरी सरकारला त्यांनी स्वस्थ बसू दिले नाही. डी व्हॅलेरा यांनी लोकांच्या पैशातून उभ्या केलेल्या ‘आयरिश प्रेस’ या वर्तमानपत्राची सूत्रे त्यांच्याच घराण्याच्या हातात कशी गेली, हे ब्राऊन यांनी सभागृहात मांडले. एवढ्या मोठ्या पुढाऱ्याला असा जाब विचारणे हे धाडसाचे काम होते.

१९६३ मध्ये ते मजूर पक्षात गेले, १९६५ मध्ये हरले, १९६९ मध्ये जिंकले. १९७३ ते १९७७ वरिष्ठ सभागृहात बसले. १९७७ मध्ये पुन्हा डॉलमध्ये आले, नंतर आणखी एका समाजवादी पक्षाच्या स्थापनेत भाग घेतला, आणि १९८२ मध्ये निवृत्त झाले. संततिनियमनाची साधने आयात करण्यास आणि विकण्यास देशात १९३५ पासून बंदी होती. ती उठवणारे विधेयक त्यांनी आणि डॉ. जॉन ओकॉनेल यांनी १९७२ मध्ये आणले. सभागृहाने ते दारातच अडवले. घटस्फोटाचा हक्क, समलिंगी माणसांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसणे, हे विषय इतर पुढारी टाळत तेव्हा ब्राऊन बोलत.

दोषांचा रकाना

या माणसाचे गुण सांगून दोष लपवणे आम्हाला पटत नाही. ब्राऊन यांच्याबरोबर काम करणे कठीण होते. ते सहकाऱ्यांवर विश्वास ठेवत नसत, लवकर दुखावत, आणि दुखावले की विसरत नसत. पाच पक्ष त्यांनी पाहिले, त्यांतले दोन स्वतःच उभारण्यास हातभार लावला, आणि एकातही ते टिकले नाहीत. १९८६ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले. ते खूप खपले, पण त्यात जुन्या सहकाऱ्यांवर इतकी कडक टीका आहे की काहींना ती अन्यायाची वाटली. १९५१ मध्ये ते अधिक धीराने वागते, चार मंत्र्यांना आधी आपल्याकडे वळवून घेते, तर योजना वाचली असती काय? असे म्हणणारे अभ्यासक आहेत. आम्हाला वाटते की अंशतः हे खरे असेल. कार्यकर्त्यांनी हा धडा जरूर घ्यावा. एकट्याने खरे बोलणे हे धैर्य आहे, पण दहा जणांना आपल्या बाजूला आणून खरे बोलणे हे काम आहे.

जमेला काय राहिले

नोएल ब्राऊन २१ मे १९९७ रोजी गॉलवे परगण्यात, वयाच्या ८१ व्या वर्षी वारले. त्यांच्या डोळ्यांदेखत बरेच बदलले होते. घटनेतील चर्चच्या विशेष स्थानाचे कलम डिसेंबर १९७२ च्या सार्वमताने गेले. लाल तिकिटाची दवाखाना-व्यवस्था १९७२ मध्ये मोडीत निघाली. समलिंगी माणसांवरचा गुन्ह्याचा शिक्का १९९३ मध्ये पुसला गेला. घटस्फोटाचा हक्क १९९५ च्या सार्वमताने, निसटत्या बहुमताने, मिळाला.

आणि माता-बालकांचे काय? आज आयर्लंडमध्ये राहणाऱ्या गरोदर बाईला मिळकत न विचारता मोफत सेवा मिळते. २०१५ मध्ये सहा वर्षांखालील सर्व मुलांना डॉक्टरची भेट मोफत झाली. २०२३ मध्ये ही मर्यादा आठ वर्षांपर्यंत नेली. ब्राऊन यांनी १९५१ मध्ये सोळा म्हटले होते. म्हणजे बहात्तर वर्षांत देशाने त्यांच्या योजनेचा अर्धा रस्ता चालला. बाकीच्यांपैकी बहुतेकांना आजही मोफत उपचारांचे कार्ड हवे तर मिळकत दाखवावी लागते.

कोणी म्हणेल, चौतीस वर्षांच्या राजकारणात तीन वर्षांचे मंत्रिपद आणि एक फसलेली योजना, हा काय हिशेब झाला? पण वाचकहो, वही वरवर चाळून चालत नाही. मंत्री म्हणून त्यांनी खाटा दिल्या, आणि मंत्रिपद गमावून एक प्रश्न दिला. खाटा क्षय हटल्यावर रिकाम्या झाल्या. प्रश्न अजून भरलेला आहे: आजारी मुलाच्या आईने औषधासाठी आधी आपली गरिबी सिद्ध करावी काय?

ज्याची आई औषधावाचून गेली, त्याने या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे दिले आणि त्या एका शब्दासाठी खुर्ची सोडली. इस्पितळाच्या खिडकीपाशी रांगेत उभे असताना, दाखला मागणाऱ्याच्या तोंडाकडे पाहताना, हा आयर्लंडचा डॉक्टर आम्हाला आठवतो. वाचकांनाही तो आठवावा, म्हणून हा लेखनप्रपंच.